पैकीच्या पैकी मार्कांचा म्हातारा

स्मृतीच्या तपासणीत आमच्या ह्यांना पैकीच्या पैकी मार्क मिळाले, त्या दिवशी मी नारीन शहराच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. येणारे-जाणारे बघत होते. एक बाई तर जवळ येऊन, "कोण गेलं हो, आपा?" असं हळूच विचारून गेली. तिला काय सांगणार? नवरा ठणठणीत आहे असं डॉक्टर म्हणाले म्हणून रडतेय?

आमचे हे म्हणजे सारी-कुंगोय गावचे कासमाली. पंच्याहत्तरी उलटली, दाढी पांढरीशुभ्र, पण पाठ अजून ताठ. घोड्यावर बसले की मागून बघणाऱ्याला चाळिशीचा गडी वाटावा. उन्हाळा लागला की गावच्या सगळ्या मेंढ्या एका कळपात घालून खिंडीपलीकडच्या कुरणावर न्यायच्या, आणि कळपाच्या पुढे घोडा ह्यांचाच. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा असायचा. नदी कुठे ओलांडायची, बर्फ वितळू लागलं की कुठली वाट सोडायची, हे सगळं ह्यांच्या शब्दावर चालायचं. गावाने कधी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

आणि गेली दोन वर्षं ह्या माणसाला सकाळचं दुपारी आठवत नव्हतं.

सुरुवात चहापासून झाली. चहा झाला का म्हणून विचारायचे, वाडगा हातात असताना. मग मशिदीतून घरी यायच्या ऐवजी जुन्या सामुदायिक शेतीच्या तबेल्याकडे जायला लागले. तो तबेला पाडून जमाना झाला. मग एक दिवस जेवायला बसल्यावर म्हणाले, "थोरल्यासाठी वाढून ठेव, येईलच आता." ह्यांचा थोरला भाऊ जाऊन किती हिवाळे लोटले! मी वाढून ठेवलं. काय करणार होते? सुनेच्या देखत म्हणू, तुमचा भाऊ मेला म्हणून?

गेल्या उन्हाळ्यात मात्र माझी पाचावर धारण बसली. कळप निघाला होता, मीही नेहमीसारखी मागून घोड्यावर होते. हे पुढे. नदीपाशी आलो आणि ह्यांनी घोडा सरळ जुन्या उताराकडे वळवला. तिथली दरड कोसळून खाली डोह झालेला, आणि तो डोह गावाला पहिल्यांदा दाखवला कुणी, तर ह्यांनीच! मेंढ्यांना काय, पुढचा घोडा जाईल तिकडे त्या जाणार. मी जोरात ओरडले, "आई गं, माझं पोट!" आणि घोड्यावरून खाली लोळणच घेतली. सगळा कळप थांबला. माझा धाकटा दीर सागिन धावत आला, ह्यांना तो बाइके म्हणजे दादा म्हणतो, म्हणाला, "बाइके, वहिनीला बरं नाही, आज खालच्या उतारानेच जाऊ या ना?" हे म्हणाले, "मग मी दुसरं काय म्हणत होतो?"

झालं. कळप वाचला, आणि महिनाभर गावभर चर्चा कसली, तर झूराकानच्या, म्हणजे माझ्या, पोटाची.

मुलाला सांगितलं. तिलेक माझा एकुलता एक, स्वभावाने गरीब, पण बापाच्या बाबतीत आंधळा. आमच्याकडे आईलाही आपाच म्हणतात. म्हणाला, "आपा, वय झालं की माणूस थोडं विसरतोच. परवा तू मीठ दोनदा नाही घातलंस?"

"मीठ दोनदा घातलं तर कालवण खारट होतं रे. नदी चुकली तर माणसं बुडतात."

"बाबांना वेडं ठरवायचंय का तुला?"

मी उठून चुलीकडे गेले. पण मी पिच्छा सोडला नाही. नारीनच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांची स्मृती तपासायला एक खोली उघडली होती, तिथे नेच म्हटलं. हिवाळाभर मागे लागले तेव्हा कुठे वसंतात एकदाचं नेलं त्याने.

त्या खोलीची एक गंमत आहे. पूर्वी तिथे परक्या मुलखातून आलेले प्रश्न विचारायचे. घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करत जा, असले. जन्मभर मेंढ्या हाकलेल्या म्हाताऱ्यांनी घड्याळ कधी काढलं होतं? चांगली धडधाकट माणसं नापास व्हायला लागली. पलीकडच्या गावच्या एका म्हाताऱ्याने तर डॉक्टरवर चाबूकच उगारला म्हणतात. मग खोलीतल्या लोकांनी ठरवलं, आपल्या माणसांना आपले प्रश्न विचारायचे. सात पूर्वजांची नावं सांगा. तंबू उभारायला काय काय लागतं ते सांगा. मेंढीला कितव्या वर्षी काय म्हणतात ते सांगा. सगळे खूश. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला, डॉक्टर मधोमध आणि दोन्हीकडे हसणारे म्हातारे.

आता आमच्याकडे मुलगा बोलायला लागला की आधी त्याला सात पूर्वज शिकवतात. ह्यांच्या वडिलांनी तर काठी घेऊन शिकवलेले. ती नावं ह्यांना झोपेतून उठवून विचारा.

खोलीत पेरिझात नावाची तरुण डॉक्टरीण होती, कोचकोर गावची मुलगी, बोलायला गोड. तिने आदराने विचारलं, "आबा, तुम्ही कुणाचे?" झालं, ह्यांची गाडी सुटली. सातवर थांबले नाहीत, बाराव्या पूर्वजापर्यंत गेले आणि वाटेत कुणी कुणाची घोडी पळवली तेही सांगितलं. नर्सने टाळ्या वाजवल्या. तंबूचं विचारलं तर दोरीपासून छतापर्यंत सगळं घडाघडा.

मग तिने विचारलं, "आज सकाळी काय खाल्लंत, आबा?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "बायबिचे, सांग की. खाऊ घालणारी तू." मला ते बायबिचे म्हणतात, घरची थोरली.

आणि मी मूर्ख चटकन बोलून गेले, "जव-ताकाची पेज प्यायलात, वर तळलेले दोन बोरसोक."

सगळे हसले. मग वार विचारला. ह्यांनी क्षणभर खिडकीबाहेर बघितलं, दोन्ही तळवे वर केले आणि आशीर्वाद द्यायला सुरुवात केली. "लेकी, तुझं घर भरलेलं राहो, तुझ्या हाताला यश येवो, तुझ्या दारात नेहमी घोडे बांधलेले असोत." आता पांढऱ्या दाढीचा माणूस आशीर्वाद देतोय म्हटल्यावर त्याला मध्ये कोण तोडणार? सगळ्यांनी तळवे वर केले, तोंडावरून फिरवले, "ओमीन" म्हटलं. नर्सच्या डोळ्यांत पाणी. वाराचा प्रश्न हवेतच विरून गेला.

"आबा माझ्यापेक्षा तल्लख आहेत," डॉक्टरीण म्हणाली. तिलेकने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच चोरी करताना सापडले होते.

मी तिथे बोलायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. त्यांच्या तोंडावर? चारचौघांत नवऱ्याविरुद्ध शब्द काढायचा नाही हे मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून पाळत आले. खोलीत आम्ही सगळे एका रांगेत बसलेलो, हे मधोमध. म्हणून मग बाहेर येऊन पायरीवर रडले.

गावात काय, आयतंच कोलीत मिळालं. सागिन दिसला की विचारायचा, "काय वहिनी, म्हाताऱ्याला मोडीत काढायला निघाला होतात म्हणे. डॉक्टर काय म्हणाले, अजून चालेल?" विहिरीवरच्या बायका मी आले की गप्प व्हायच्या. सून तेवढी काही बोलायची नाही, पण तिच्या नजरेतही दिसायचं, की सासूबाईंचंच काहीतरी बिनसलंय.

असाच उन्हाळा आला. बर्फ वितळायला लागलं, नदी गढूळ होऊन फुगली. सागिन आणि दोघं-तिघं येऊन ह्यांच्यापुढे बसले, निघायचं कधी म्हणून विचारायला. ह्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि शनिवार सांगितला. सगळे माना डोलावून गेले. आता ह्यांना अडवायचं कसं? पोटदुखीचं नाटक एकदाच चालतं. ह्या खेपेला मी लोळले असते तर लोक माझ्या अंगावरून कळप घेऊन गेले असते.

हे घोड्यावर बसूच नयेत म्हणून मी खोगीराचा पट्टा पिठाच्या पोत्यामागे लपवला. दुसऱ्या दिवशी बघते तर मलाच सापडेना. सगळं घर उलटंपालटं केलं. शेवटी अंथरुणांच्या थप्पीत सापडला. म्हटलं, आता मलाही न्या त्या खोलीत आणि विचारा पूर्वज.

त्याच दिवशी फोन आला. डॉक्टरीण पेरिझात होती.

"आपा, पैकीच्या पैकी मार्क मिळालेल्या सगळ्यांना आम्ही परत बोलावतोय."

"का गं बाई? बक्षीस आहे?"

ती हसली नाही. "एक निवृत्त मास्तर होते. सात पूर्वज, तंबू, सगळं फाडफाड सांगितलं होतं त्यांनी. मागच्या आठवड्यात बस स्टँडवर सापडले, सकाळपासून बसलेले. घर कुठे ते सांगता येईना. आमचं चुकलंय, आपा. गुरुवारी या. आणि आत मला आधी तुम्ही एकट्या हव्यात."

मी फोन ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला म्हटलं होतं, तुम्ही एकट्या हव्यात म्हणून.

तिलेक कुरकुरला. शनिवारी कळप निघायचा आणि गुरुवारी कसलं नारीन! मी म्हटलं, तू नाही नेलंस तर मी ह्यांना घेऊन पायी निघते, मग गावाला काय सांगायचं ते तू सांग. नेलं.

डॉक्टरणीने तिलेकला आणि ह्यांना अंगणात घोडे बघायला पाठवलं. दवाखान्याच्या पाणीवाल्याचे दोन घोडे तिथे असतात, म्हणजे ह्यांची काळजी नव्हती. मला तिने एका छोट्या खोलीत नेलं, चहा ओतला, दार लावलं.

"आता तुम्ही बोला," ती म्हणाली.

आधी मी दाराकडेच बघत होते, ऐकतंय की काय कुणी. आणि मग जो तोंडाचा पट्टा सुटला, तो चहा गार झाला तरी थांबेना. चहाचा वाडगा, तबेला, मेलेला भाऊ, नदी, माझं पोट, सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही "वय झालं की होतं असं" म्हटलं नाही. तेवढ्याने सुद्धा मला इतकं हलकं वाटलं की सांगता सोय नाही.

"लहानपणी काठीच्या धाकाने पाठ केलेलं सगळ्यात शेवटी जातं," ती म्हणाली. "आणि आम्ही नेमकं तेच विचारत बसलो. कुणा म्हाताऱ्याचा अपमान होऊ नये म्हणून प्रश्न बदलले, तर आजार दिसेनासाच झाला. बरं, जे प्रश्न त्यांना आले नाहीत, त्यांची उत्तरं कुणी दिली होती?"

मी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाशी चाळा करत बसले. "मी."

"आज द्यायची नाहीत."

"मग मी बाहेरच बसते कशी."

"बाहेर बसलात तर ते उठून तुम्हाला शोधायला येतील. तुम्ही समोरच बसा. ते तुमच्याकडे बघतील, तुम्हाला विचारतील. तरी नाही बोलायचं."

"आणि त्यांनी आशीर्वाद द्यायला सुरुवात केली तर?"

"तर ओमीन म्हणू. आणि प्रश्न परत विचारू." आता मात्र ती हसली.

ह्यांना आत बोलावलं. तिलेक मागे भिंतीला टेकून उभा राहिला. डॉक्टरणीने टेबलावर एक एक वस्तू ठेवली, अंगुस्ताना, किल्ली, अक्रोड, कंगवा, चमचा. ह्यांनी एकेकाचं नाव सांगितलं, अक्रोड तर उचलून वास घेऊन बघितला, जुना आहे म्हणाले. तिने वर कापड टाकलं. मग पाणीवाल्याच्या घोड्यांचं बोलणं काढलं. हे खुलले. तांबड्याचा पुढचा उजवा खूर बिघडलाय, नालवाल्याला अक्कल नाही, अमुक करायला पाहिजे. सगळं बरोबर. तिलेक माझ्याकडे बघून भुवया उडवत होता, की बघ, काय झालंय माझ्या बापाला?

"आबा," डॉक्टरीण म्हणाली, "ह्या कापडाखाली काय काय ठेवलंय?"

"कुठल्या कापडाखाली?"

तिने बोट दाखवलं. ह्यांनी कापडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी माझ्या बुटांकडे बघायला लागले.

"बायबिचे?"

मी गप्प.

ह्यांनी तळवे वर केले. "लेकी, तुझ्या पोटी सात पुत्र येवोत, तुझ्या कुरणावर कधी दुष्काळ न पडो..." लांबलचक आशीर्वाद झाला, अगदी सुरेख. आम्ही सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, "ओमीन" म्हटलं. डॉक्टरणीने हात खाली घेतले.

"फार बरं वाटलं, आबा. आता सांगा, कापडाखाली काय आहे?"

ह्यांच्या कपाळावर घाम आला. मी ह्या माणसाला लांडग्यांपुढे उभं राहिलेलं पाहिलंय, तेव्हाही घाम नव्हता आला. पुन्हा माझ्याकडे वळले. "बायबिचे, सांग ना गं." असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यात हुकूम नव्हता, काकुळती होती. माझ्या जिभेवर किल्ली होती, अक्रोड होता, सगळं होतं. मी ओठ दाताखाली धरला. जन्मात मी त्यांच्याशी एवढ्या दुष्टपणाने वागले नव्हते.

मागून तिलेकच्याने राहवेना. "बाबा, किल्..." डॉक्टरणीने हात वर करून त्याला थांबवलं.

"असू दे, आबा," ती म्हणाली. "दुसरं विचारते. शनिवारी कळप घेऊन निघताय म्हणे. नदी कुठून ओलांडणार?"

ह्यांचा चेहरा उजळला. हे त्यांना येत होतं. "कुठून म्हणजे? वडील न्यायचे तिथूनच. दोन पांढऱ्या दगडांच्या मधून. घोड्याच्या गुडघ्याएवढंसुद्धा पाणी नसतं तिथे."

मी मागे वळून बघितलं. तिलेकचा रंग उतरला होता. त्या दोन पांढऱ्या दगडांपैकी एक आता डोहाच्या तळाशी आहे आणि दुसरा कुठे वाहून गेला कुणास ठाऊक. दरड कोसळली तेव्हा तिलेक तिथेच होता.

"बाबा, तिथे तर..." एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकत खाली बसला. माझा थोराड दाढीवाला मुलगा, लहान पोरासारखा फरशीवर.

बराच वेळ आणखी काय काय विचारणं झालं, रक्त घेतलं, खाली नेऊन डोक्याचा फोटो काढला. मग आम्हाला परत आत बोलावलं. तिलेक डॉक्टरणीच्या कानाशी लागला, "ताई, बाहेर चला, मला सांगा काय ते. बाबांना नको." आमच्याकडे असंच असतं. आजार ज्याचा, त्याला सोडून बाकी सगळ्यांना माहीत.

"ज्याचा आजार त्याला आधी," ती म्हणाली आणि ह्यांच्या समोर खुर्ची ओढून बसली. "आबा, तुम्हाला एक आजार झालाय. स्मृतिभ्रंश म्हणतात. हे नुसतं म्हातारपण नाही, वेड नाही, कुणाची नजरही लागलेली नाही. जुनं लख्ख राहतं, नवं टिकत नाही. तो पूर्ण बरा होत नाही, हे मी खोटं सांगणार नाही. पण काय काय करायचं ते आम्हाला माहीत आहे, आणि आम्ही तुमच्या सोबत आहोत. आजपासून मात्र कळपाच्या पुढे जायचं नाही."

ह्यांनी दाढी मुठीत धरली. मी मनातल्या मनात पळायची तयारी केली. आता उठतील, चाबूक काढतील, मला म्हणतील, बाई, तू हे केलंस.

"ह्याला नाव आहे?" ह्यांनी विचारलं.

"आहे, आबा."

"दुसऱ्या कुणाला होतो?"

"खूप जणांना. बाहेर बाकावर बसलेत ना, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना."

ह्यांनी असा श्वास सोडला, की वाटलं, दोन वर्षं तो आतच कोंडून ठेवला होता. "मला वाटायचं, कुणीतरी रात्रीतून डोंगर हलवतंय," ते म्हणाले. "सकाळी उठून बघावं तर सगळं सरकलेलं. कुणाला सांगणार? म्हातारा खुळावला म्हणतील. रात्री पांघरुणात तोंड घालून पूर्वजांची नावं म्हणायचो. सगळी आली की वाटायचं, चला, अजून मी आहे."

आणि मी आपली समजत होते, म्हातारपणी ह्यांना नमाजाची गोडी लागलीय.

मग ते माझ्याकडे वळले. "बायबिचे, आज तू सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "मला मारा हवं तर."

"बरं केलंस. तू भराभर सांगायचीस ना, तेव्हा वाटायचं, हिलाही हे लपवायचंय. मग मी बोलू कुणाशी?"

अख्खी दोन वर्षं! एका छपराखाली, एका पांघरुणात, मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. मी रडायला लागले, आणि रडता रडता हसायलाही लागले, कारण ह्यांनी रुमाल द्यायला खिशात हात घातला, तर रुमालाऐवजी निघाला अक्रोड. कधी उचलला होता देव जाणे. डॉक्टरीणसुद्धा तोंडावर हात धरून हसली. माझा जीव भांड्यात पडला तो तिथे, त्या खोलीत. आजार तर होताच, तो कुठे जाणार नव्हता. पण आता तो एकट्या माझ्या डोक्यावर नव्हता, आणि मी खोटारडीही नव्हते.

निघताना डॉक्टरणीने तिलेकला चांगलं अर्धा तास समजावलं. गावच्या दवाखान्यातली नर्स दर महिन्याला घरी येईल, काय बघेल, बाबांशी कसं बोलायचं, आपाला आठवड्यातून एक दिवस तरी मोकळा कसा द्यायचा. "ह्यापुढे प्रत्येकाच्या घरच्यांशी आम्ही आधी वेगळं बोलणार आहोत," मला म्हणाली. मी म्हटलं, "बोल बाई. आणि चहा जरा जास्त कर, बायका लवकर थांबणार नाहीत."

परतताना गावाच्या तोंडाशी ह्यांनीच गाडी थांबवायला सांगितली. "धाकट्याच्या घरी चल." सागिन अंगणात घोड्याला खरारा करत होता.

"सागिन, ह्या वर्षी कळप तू ने."

"का, बाइके? वहिनीने काय पाजलं तुम्हाला?"

"गप. मला विसरायचा आजार झालाय. डॉक्टरणीने त्याचं नाव सांगितलंय, ते मी विसरलो. हिला विचार."

सागिन हसायला गेला आणि मधेच थांबला. एकदा तिलेककडे बघितलं, एकदा माझ्याकडे. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आणि नदी खालच्या उताराने ओलांड," हे म्हणाले. "मी वाटेत येऊन दुसरं काही सांगितलं तरी ऐकू नकोस. मी मोठा असलो तरी ऐकू नकोस."

"नाही ऐकणार, बाइके," सागिन म्हणाला. मग माझ्याजवळ येऊन खाली बघत म्हणाला, "वहिनी, तुमचं पोट..."

"बरं आहे आता," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी कळप निघाला. सागिन पुढे, तिलेक मागे, कुत्री दोन्हीकडे. गावाच्या टोकापर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. शेवटची मेंढी दिसेनाशी होईपर्यंत हे उभे होते. मला भीती होती की आता ह्यांच्या जिवाची तगमग होईल, घोडा मागतील. तसं काही झालं नाही. घरी आलो, मी चहा टाकला, अंगणात चटई घातली.

"कळप गेला?" ह्यांनी विचारलं.

"गेला."

"पुढे कोण आहे?"

"सागिन."

"कुठून ओलांडणार?"

"खालच्या उताराने."

"बरं झालं," ते म्हणाले आणि मागे उशीला टेकले. चेहरा असा निवांत, की त्यांना तसं बघून मला किती दिवस झाले होते ते आठवेना.

मी चहा ओतला. दोन घोट घेऊन त्यांनी पुन्हा डोंगराकडे बघितलं.

"बायबिचे, कळप गेला?"

"गेला. सागिनने नेला. खालच्या उताराने."

"बरं झालं," ते म्हणाले, पहिल्यांदा कळल्यासारखं, तेवढ्याच समाधानाने.

दुपारपर्यंत ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. दर वेळी त्यांचा जीव नव्याने भांड्यात पडत होता, आणि खरं सांगू, त्यांच्याबरोबर माझाही.